न दुखणाऱ्या कमरांचा इतिहास

कमरेच्या डॉक्टरांना पहिला धक्का कानाच्या आजारांकडून बसला. 1960च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये न्यूरोसर्जन विल्यम हिट्सेलबर्गर ऐकण्याच्या नसेवर वाढणाऱ्या गाठी काढत असत. गाठ कवटीच्या तळाशी, अगदी आडबाजूला. ती दिसावी म्हणून तेव्हा एक जिकिरीची तपासणी करत. कमरेत सुई घालून कण्याच्या पोकळीत एक्स-रेवर उमटणारं आयोडीनयुक्त तेल सोडायचं, मग टेबल कलतं करून पेशंटचं डोकं खाली न्यायचं आणि ते तेल ओघळत मानेवरून कवटीत पोचेपर्यंत वाट पाहायची. या तपासणीचं नाव मायलोग्राफी. तेल वर चढणार ते कंबर आणि मान ओलांडूनच. हिट्सेलबर्गर आणि त्यांचे सहकारी विटेन यांनी या वाटेवरचेही फोटो नीट पाहिले. पेशंट होते 300. त्यांना ना पाठीची तक्रार होती, ना पायात जाणाऱ्या कळेची. तरी 37 टक्के लोकांच्या फोटोत मानेत किंवा कमरेत काही ना काही दोष दिसला. 1968 साली हे सगळं छापून आलं आणि फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर न घेण्याचं कारण साधं होतं. तोवर फोटो काढले जात ते दुखणाऱ्या पाठींचे. दुखणाऱ्या माणसाच्या फोटोत काही वाकडं दिसलं की दुखण्याचं कारण सापडलं, असा रोखठोक हिशेब होता. न दुखणाऱ्याला उगाच सुई कोण टोचणार, आणि तोही कशाला टोचून घेणार? त्यामुळे ताळा करून पाहायला दुसरी बाजूच नव्हती.

हा हिशेब बोस्टनमध्ये जन्मला. 1932 साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्कीइंग करताना पाठीला मार बसलेल्या एका तरुणावर न्यूरोसर्जन विल्यम जेसन मिक्स्टर यांनी शस्त्रक्रिया केली आणि नसेवर दाब देणारा एक तुकडा काढला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याची नोंद कूर्चेची गाठ म्हणून झाली. अस्थिशल्यविशारद जोसेफ बार यांना ते पटेना. त्यांनी तो तुकडा मणक्यांमधल्या निरोगी चकतीच्या तुकड्याशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दोन्ही एकच. मग हॉस्पिटलात जपून ठेवलेले 'गाठींचे' जुने नमुने बाहेर काढले, त्यातलेही बरेचसे फुटून बाहेर आलेल्या चकतीचेच निघाले. ऑगस्ट 1934मध्ये दोघांनी 19 पेशंटांवरचा निबंध प्रसिद्ध केला. पायात जाणारी कळ, म्हणजे सायटिका, ही मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेल्यामुळे असू शकते, आणि ती शस्त्रक्रियेने जाऊ शकते, हे त्यातून ठरलं. शोध खरा होता, आजही खरा आहे. पण त्याच्या भरात पुढच्या दोन-तीन दशकांत कमरेच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याचं खापर चकतीवर फुटू लागलं.

त्याआधीच जर्मनीत ड्रेस्डेनचे पॅथॉलॉजिस्ट गेओर्ग श्मोर्ल यांनी हजारो मृतदेहांचे कणे उभे चिरून पाहिले होते. त्यांना मागे सरकलेल्या चकत्या दिसल्या, मणक्याच्या हाडात घुसलेल्या चकत्याही दिसल्या. दुसऱ्या प्रकाराला आजही 'श्मोर्ल नोड' म्हणतात. पण समोर मृतदेह. हयातीत तुझी कंबर दुखत होती का, हे विचारणार कुणाला? एवढा मोठा साठा हाताशी असूनही नेमका तोच प्रश्न अनुत्तरित राहिला.

चकती ही चीजही जरा विचित्रच. मधोमध पाण्याने फुगलेला गर, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट तंतूंची कडी, वर-खाली मणक्याला चिकटलेला कूर्चेचा पातळ पडदा. लहानपणी गरात 80 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. मोठ्या माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते; अन्नपाणी मिळतं ते शेजारच्या हाडातून, त्या पडद्यातून झिरपत. एक्स-रेला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दोन हाडं दिसतात आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. आपल्याकडे 'मणक्यात गॅप' हे निदान घरोघरी पोचलं ते या एक्स-रेच्याच कृपेने. मायलोग्राफीलाही चकती दिसत नसे. तेलाच्या धारेला कुठे खळगा पडला, यावरून तिचा तर्क करायचा. शिवाय काम झाल्यावर ते तेल सुईनेच परत ओढून काढावं लागे. थेंब मागे राहत, आणि काहींना त्यापायी मज्जारज्जूच्या आवरणाला चिवट सूज येई. दुखण्याचं कारण शोधायला जाऊन नवं दुखणं घेऊन यायचं, असा प्रकार.

चुंबकाने, म्हणजे पुढे एमआरआय म्हणून ओळखल्या गेलेल्या तंत्राने, हे सगळं उलटंपालटं केलं. 1946मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातली अणुकेंद्रं ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. 1952चं नोबेल त्यांना मिळालं, पण शोधानंतरची पंचवीस वर्षं हे तंत्र रसायनशास्त्रज्ञांच्या परीक्षानळीतच राहिलं. 1971मध्ये न्यूयॉर्कच्या रेमंड दमादियन यांनी उंदरांच्या गाठींचे आणि निरोगी ऊतींचे संकेत वेगळे येतात, असं दाखवलं. 1973मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम उतार देऊन संकेत कुठून आला ते ओळखायची युक्ती काढली. त्यांचं पहिलं चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं होतं. इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्याचं गणित आणि वेग साधला. 3 जुलै 1977 रोजी पहाटे दमादियन यांच्या 'इंडॉमिटेबल' यंत्रात त्यांचे सडपातळ विद्यार्थी लॅरी मिंकॉफ बसून होते. दमादियन स्वतः आधी बसले होते, पण संकेतच मिळेना. त्यांच्या अंगावरची चरबी आड येत असावी, असा निष्कर्ष निघाला. मिंकॉफना कणाकणाने सरकवत पाच तासांच्या आसपास मोजणी चालली आणि छातीच्या आडव्या छेदाचं 106 ठिपक्यांचं चित्र हाती आलं. त्यात हृदय ओळखायलाही श्रद्धा लागे. 2003चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं, दमादियन वगळले गेले, आणि त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन जाहीर तक्रार केली. पुढे त्यांच्याच कंपनीने उभ्या-बसल्या माणसाचा एमआरआय काढणारं यंत्र बाजारात आणलं. झोपल्यावर कण्यावरचा भार उतरतो आणि फोटो निघतो तो नेमका त्याच अवस्थेत, हा आक्षेप रास्तच होता.

एमआरआय मुळात पाण्यातल्या हायड्रोजनचं चित्र काढतो, आणि चकतीची सारी कहाणी पाण्याचीच. जणू हे यंत्र तिच्यासाठीच घडवलं होतं. 'टी-टू' प्रकारच्या फोटोत मोकळं पाणी पांढरं उमटतं. कमरेचा बाजूने घेतलेला असा फोटो व्ह्यूबॉक्सवर लावला की करड्या रंगाचे पाच चौकोनी मणके एकाखाली एक दिसतात. त्यांच्यामागे मणक्याच्या पाण्याचा पांढरा शुभ्र पट्टा, वरच्या भागात त्यात मज्जारज्जूचं निमुळतं टोक आणि त्याखाली काळ्या दोऱ्यांसारख्या लोंबत्या नसा. तरुण चकती मधोमध पांढरी, कडेने काळी, पोटात आडवी फिकट रेघ. खालच्या दोन चकत्यांकडे, म्हणजे एल फोर-एल फाइव्ह आणि एल फाइव्ह-एस वन यांच्याकडे, येईतो अनेकांचा पांढरा रंग राखाडी झालेला असतो, कुणाचा पार काळा. उंची घटलेली, मागची कड पांढऱ्या पट्ट्यात किंचित शिरलेली, कधी त्या कडेत चिरेचा एक चकाकता ठिपका. सुई नाही, तेल नाही, क्ष-किरण नाहीत. पन्नास वर्षं सावल्यांवर भागवणाऱ्यांना हे पाहून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे रेडिओलॉजिस्ट मायकेल मॉडिक हे या चित्रांचे पहिल्या फळीतले वाचक. 1984मध्ये त्यांच्या गटाने चकतीच्या आजारांत एमआरआय काय दाखवतो याचा सविस्तर लेखाजोखा मांडला. त्यांचं नाव मात्र अजरामर झालं ते 1988च्या निबंधाने. कमरेच्या एमआरआयसाठी आलेल्या 474 पेशंटांत त्यांनी चकतीऐवजी तिच्या शेजारच्या हाडाकडे पाहिलं. झिजलेल्या चकतीला लागून असलेला मणक्याचा पट्टा काहींत वेगळ्याच रंगाचा होता. 'टी-वन' नावाच्या वेगळ्या फोटोत काळा आणि 'टी-टू'मध्ये पांढरा, हा पहिला प्रकार, 20 जणांत. 'टी-वन'मध्येच पांढरा, हा दुसरा, 77 जणांत. शस्त्रक्रिया झालेल्या काही थोड्यांचं हाड तपासलं, तेव्हा पहिल्या प्रकारात पडद्याला चिरा आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी ऊती सापडली. दुसऱ्यात मज्जेची जागा चरबीने घेतलेली. पहिल्या प्रकाराच्या सहा जणांचे पुन्हा फोटो काढले, तेव्हा 14 महिने ते 3 वर्षांत पाच जण दुसऱ्या प्रकारात गेलेले. म्हणजे ही झीज गोठलेली नव्हती, तिच्यात उलाढाल चालू होती. दोन्हीकडे काळं दिसणाऱ्या घट्ट हाडाचा तिसरा प्रकारही त्याच वर्षी जोडला गेला. आज कोल्हापुरात काढा की टोकियोत, रिपोर्टात 'मॉडिक टाइप टू चेंजेस' ही ओळ भेटतेच. अशा बदलांची नोंद डी रूस आणि सहकाऱ्यांनी वर्षभर आधी केली होती, पण नाव चिकटलं मॉडिक यांचं. इतिहासाचा न्याय असाच असतो.

आता वॉशिंग्टनला जायला हवं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम वीझेल नावाचे अस्थिशल्यविशारद होते, आणि माझ्या मते या सगळ्या कथेचे नायक तेच, जरी कोणत्याही झिजेला त्यांचं नाव नाही. 1970च्या दशकात सीटी स्कॅन आला, कमरेसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. वीझेल यांच्या गटाने कमरेची तक्रार नसलेल्या 52 जणांचे सीटी स्कॅन जमवले आणि तज्ज्ञांपुढे ठेवले. 1984मध्ये निकाल छापला: 35 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये दोष. चाळिशीच्या पुढच्यांत निम्म्यांमध्ये. हिट्सेलबर्गर यांना योगायोगाने जे दिसलं, ते वीझेल मुद्दाम शोधायला गेले होते.

एमआरआय आल्यावर त्यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी पहिलं नाव स्कॉट बोडेन या तरुण डॉक्टरचं. जन्मात कधी कंबर दुखली नाही, सायटिका नाही, चालताना पाय भरून आले नाहीत, असे 67 स्वयंसेवक त्यांनी गोळा केले. अशी माणसं मिळवणं हेच मुळात कष्टाचं काम असणार. त्यांचे फोटो काढले, ते खऱ्या पेशंटांच्या फोटोंत मिसळले, आणि तीन न्यूरोरेडिओलॉजिस्टना स्वतंत्रपणे वाचायला दिले. कुठला फोटो कुणाचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. खरी हुशारी इथे आहे. पाकिटावर 'कंबरदुखी' लिहिलेलं असलं की डोळा आपोआप दोष शोधायला लागतो. ते पाकीटच काढून घेतलं.

1990मध्ये निकाल आला. साठीच्या आतल्या 20 टक्के लोकांची चकती सरकलेली. साठीच्या पुढच्यांपैकी 57 टक्क्यांचे फोटो सदोष, म्हणजे 36 टक्क्यांत सरकलेली चकती आणि 21 टक्क्यांत पोकळी अरुंद झालेली. विशीतिशीतल्या 35 टक्क्यांची निदान एक चकती झिजलेली किंवा फुगलेली. साठ ते ऐंशी या वयोगटात एक जण सोडून सगळ्यांची. पुन्हा सांगतो, यांतल्या एकाचीही कंबर कधी दुखली नव्हती.

1994मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी याहून मोठा ताळा केला. तक्रार नसलेले 98 लोक, त्यांत मिसळलेले 27 पेशंटांचे फोटो, दोन वाचक. न दुखणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांची निदान एक चकती फुगलेली, 27 टक्क्यांची एका जागी पुढे आलेली. पार फुटून बाहेर पडलेली मात्र एका टक्क्याचीच, आणि हा आकडा बाकीच्यांइतकाच मोलाचा, कारण कोणता दोष खरोखर विरळ ते त्यातून कळलं. सगळ्या चकत्या धड असलेले फक्त 36 टक्के. या निबंधाच्या लेखकांत मॉडिकही होते. ज्यांनी झीज वाचायला शिकवलं, त्यांनीच झीज पाहून लगेच घाबरू नका, हेही कागदावर आणलं.

इथवर गोष्ट फोटोंची होती. त्याच वर्षी ती पैशाची झाली. अमेरिकी सरकारची एक छोटी संशोधन संस्था उपचारांच्या मार्गदर्शिका तयार करी. कंबरदुखीवरची तिची मार्गदर्शिका डिसेंबर 1994मध्ये निघाली. समितीचे प्रमुख स्टॅन्ली बायगोस, स्वतः अस्थिशल्यविशारद. मार्गदर्शिकेचं म्हणणं मवाळच होतं: धोक्याची लक्षणं नसतील तर पहिला महिनाभर फोटो काढू नका, बहुतेक जण आपोआप बरे होतात, शस्त्रक्रियेचा फायदा मोजक्यांनाच. कण्याच्या सर्जनांच्या एका संघटनेला हे झोंबलं. तिने खासदारांकडे धाव घेतली. मणक्यात बसवायचे स्क्रू बनवणाऱ्या एका कंपनीने कोर्टाचा दरवाजा ठोठावला. संस्थाच बंद करा, अशी मागणी संसदेत झाली. ती थोडक्यात वाचली. मात्र तिचा सुमारे चौथा हिस्सा निधी कापला गेला, मार्गदर्शिका काढण्याचं काम तिने सोडून दिलं, आणि 1999मध्ये तिचं नावही बदललं. कमरेच्या फोटोवरच्या सल्ल्याने एक सरकारी संस्था जवळजवळ बुडवली, हे ऐकून हसू येतं. पण तेव्हा त्या दालनांत कुणी हसत नव्हतं.

दरम्यान फिनलंडमध्ये वेगळाच प्रश्न विचारला जात होता. झीज दुखते का, हे राहू द्या. झीज होते कशाने? सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं: ओझं, वाकणं, गाडीचे धक्के. मिशेल बॅटिए आणि टापिओ विडेमन यांनी फिनलंडच्या जुळ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतून अशा एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या जोड्या निवडल्या, ज्यांतल्या दोघांच्या आयुष्यात कष्टांचं प्रमाण वेगळं होतं. एकाच घडणीची दोन माणसं, दोन वेगळी आयुष्यं, आणि दोघांचे एमआरआय शेजारी शेजारी. 1995मध्ये 115 जोड्यांचा निकाल आला. कमरेच्या वरच्या भागात झिजेतल्या फरकापैकी कष्टाच्या कामाने जेमतेम 7 टक्के उलगडत होते. त्यात वय मिळवलं की 16 टक्के. आणि कुटुंब, म्हणजे जनुकं आणि बालपण, मिळवलं की एकदम 77. खालच्या दोन चकत्यांत चित्र याहून धूसर: कुटुंब धरूनही 43 टक्केच. ज्या जागी सगळ्यांत जास्त झीज होते, तिथली निम्म्याहून अधिक गोष्ट उलगडलीच नाही. 2002मध्ये त्यांनी 45 जोड्यांत व्यावसायिक ड्रायव्हर आणि त्याच्या जुळ्या भावाची तुलना केली. ड्रायव्हरच्या चकत्या भावापेक्षा अधिक झिजलेल्या नव्हत्या. एसटीच्या कुठल्याही ड्रायव्हरला हे पटवून द्यायला मी जाणार नाही. त्याची कंबर दुखते हे खरंच आहे. फक्त त्या दुखण्याची पावती चकतीच्या फोटोत मिळेल असं नाही.

2001मध्ये झ्यूरिकच्या ख्रिस्तियान फिरमान यांनी चकतीच्या रंगावरून आणि उंचीवरून पाच पायऱ्यांची प्रतवारी केली. पांढरी, एकसंध ती पहिली, काळी आणि चपटी झालेली ती पाचवी. सगळे एकाच भाषेत बोलू लागले, संशोधनाला शिस्त आली. भारतातलं एक काम इथे आवर्जून सांगायला हवं. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचे एस. राजशेखरन यांनी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन चोवीस तासांत टप्प्याटप्प्याने एमआरआय काढले आणि ते औषध हाडातून पडदा ओलांडून चकतीच्या गाभ्यात कसं झिरपतं ते जिवंत माणसात दाखवलं. रक्तातून हाडात ते मिनिटांत येतं, गाभ्यात पोचायला तास लागतात. पडदा धड असला तर झिरपण्याला शिस्त राहते. तो तुटला की ती बिघडते, आणि झिजेची सुरुवात तिथून होत असावी. 2004मध्ये या कामाला कमरेच्या कण्यावरच्या संशोधनाचा मानाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एरवी एमआरआय झीज झाल्यावर तिचा फोटो काढतो. इथे तो चकतीचं पोट कसं भरतं हे पाहायला वापरला.

एमआरआय निरुपयोगी आहे, असं या सगळ्यावरून कुणी काढेल तर तो वेगळाच अतिरेक होईल. मणक्याचा क्षय, कर्करोगाची गाठ, लघवीवरचा ताबा जाईल इतका नसांवरचा दाब, यांत त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही, आणि क्षयाच्या बाबतीत तर आपल्या देशाला हे निराळं सांगायला नको. झीज आणि दुखणं यांचा काहीच संबंध नाही असंही नाही. पन्नाशीच्या आतल्यांत दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या गटांची तुलना केली, तर फुगलेल्या, सरकलेल्या चकत्या आणि मॉडिकचा पहिला प्रकार दुखणाऱ्यांत अधिक सापडतो. अडचण एकट्या माणसापाशी येते. त्याचा फोटो समोर असताना, हीच चकती दुखतेय की ती आपली नुसतीच म्हातारी होतेय, हे फोटो सांगत नाही.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने हे फार स्पष्ट केलं. सायटिकाच्या 283 पेशंटांचा उपचारांनंतर वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. 84 टक्के बरे झाले होते. बरे झालेल्यांपैकी 35 टक्क्यांत सरकलेली चकती अजून दिसत होती, आणि बरे न झालेल्यांपैकी 33 टक्क्यांत. कोण बरा आणि कोण नाही, हे फोटोवरून ओळखताच आलं नसतं. हे 2013 सालचं. त्याच वर्षी डेन्मार्कमधून बातमी आली की मॉडिकच्या पहिल्या प्रकाराच्या पेशंटांना शंभर दिवस अँटिबायोटिक दिलं तर दुखणं हटतं, कारण आत जंतू असावेत. जगभर खळबळ उडाली. 2019मध्ये नॉर्वेने 180 पेशंटांवर तीन महिने औषध देऊन ताळा केला. लक्षात घ्यावा असा फायदा दिसला नाही.

फोटो काढल्याने पेशंटचं भलं होतं का, हाही प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. तो सिएटलच्या जेफ्री जार्विक यांनी विचारला. कंबरदुखीच्या 380 पेशंटांपैकी निम्म्यांचा साधा एक्स-रे, निम्म्यांचा झटपट एमआरआय. 2003 सालच्या निकालात वर्षभरानंतर दोन्ही गटांची तब्येत सारखीच निघाली. एमआरआयच्या गटात दहा शस्त्रक्रिया झाल्या, एक्स-रेच्या गटात चार. तरी पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही एमआरआयच जास्त आवडला. चित्र पाहिलं की जिवाला बरं वाटतं, हे वैद्यकशास्त्राच्या बाहेरचं सत्य आहे.

2015पर्यंत न दुखणाऱ्या कमरांचे इतके अभ्यास साचले होते की मेयो क्लिनिकच्या वालीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी 33 निबंधांतल्या 3,110 लोकांचा एकत्र तक्ता केला. चकतीची झीज विशीत 37 टक्के, ऐंशीत 96 टक्के. फुगलेली चकती विशीत 30, ऐंशीत 84. या लेखकांत जार्विकही होते, आणि त्यांच्या डोक्यात पुढचा प्रयोग शिजलेला होता: रिपोर्ट वाचूनच घबराट होते ना, मग असे आकडे रिपोर्टातच छापायचे. अमेरिकेतल्या चार मोठ्या आरोग्यसंस्थांत, अडीच लाखांवर पेशंटांच्या या प्रयोगात, कमरेच्या रिपोर्टाखाली एक मजकूर जोडला जाऊ लागला. दवाखान्यांनी तो कधीपासून जोडायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. हे जे दिसतंय ते तुमच्या वयाच्या, न दुखणाऱ्या इतक्या टक्के लोकांतही दिसतं, असं त्यात लिहिलेलं. निकाल 2020मध्ये लागला. पुढच्या वर्षभरातल्या तपासण्या, इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया मिळून कण्यावर होणारा एकूण उपचार कमी झाला नाही. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठ्या मात्र किंचित घटल्या.